वाळवंटातली समता, घरातला विटाळ

चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी एकमेकांच्या पाया पडतात आणि जात, वय, ऐपत यांची विचारपूस त्या वेळी कोणी करीत नाही, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट खरीच. परंतु जिथले मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण आरंभावे लागले, त्याच पंढरीच्या परिसरात एड्सने आईबाप गेलेल्या दोन चिमुरड्या मुली गोठ्यात टाकून दिलेल्या आढळल्या. त्यांना पोटाशी धरणाऱ्या मंगलताई शहा यांच्या हातून पुढे पंढरपुरात एचआयव्हीबाधित बालकांसाठी ‘पालवी’ ही संस्था उभी राहिली.

एचआयव्हीचा विषाणू स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने संक्रमित होत नाही, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. तरीही बाधित सुनेची कपबशी वेगळी निघते, कारण रोगभयाच्या आड पापाची भीती दडलेली असते. मधुमेह्याला ‘हे कुठून आणलंस?’ असे कोणी पुसत नाही. नवऱ्याकडून लागण झालेल्या विधवेला मात्र सासर पुसते, आणि जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला की हा धर्मविचार विशेषच प्रखर होतो!

कर्मविपाकाचा सिद्धांत स्वतःच्या आचरणावर अंकुश म्हणून एक वेळ मान्य करता येईल; परक्याच्या दुखण्याची फिर्याद लिहिण्यासाठी तो वापरणे हे अध्यात्म नव्हे. अधिक दारुण हे की, ‘गेल्या जन्मीचं काहीतरी असेल’ असे रुग्णाईतच म्हणू लागते, गोळ्यांच्या डबीवरचे लेबल खरवडून डबी तांदळात खुपसून ठेवते आणि घरात पाहुणे असले की त्या दिवशीची गोळी चुकते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरी, शिक्षण, उपचार, निवास, मालमत्ता या सर्व बाबतींत भेदभावाला मनाई केली व १० सप्टेंबर २०१८ पासून त्याचा अंमल सुरू झाला. पण कपबशी वेगळी ठेवल्याची दाद कोणी कचेरीत मागत नाही.

२००४ पासून सरकारी एआरटी (विषाणूरोधक औषधोपचार) केंद्रांतून मोफत मिळणाऱ्या या गोळ्या नेमाने घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न आढळण्याइतका दबलेला राहिला, तर लैंगिक संबंधांतूनही तो जोडीदाराकडे जात नाही. हे ज्ञान डॉक्टरांच्या खोलीतून कीर्तनाच्या मंडपात यावयास हवे. गावची भावकी डॉक्टरांपेक्षा बुवांचे अधिक ऐकते. नेम म्हणजे काय हे वारकऱ्याला शिकवावे लागत नाही, म्हणून रात्रीचा हरिपाठ झाला की गोळी, अशी सांगड सहज बसते. अंगारा लावणाऱ्या भगताशीही वैर धरण्याचे कारण नाही, जोवर तो गोळ्या बंद करण्याचा हुकूम देत नाही तोवर.