इंजिन आजारी की टाकी ?

घरात कोणी आजारी पडले म्हणजे शहाणा वैद्य प्रथम नाडी पाहतो. एकदम शस्त्र हाती घेत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र आपल्यातील पुष्कळ सुशिक्षित मंडळी हा विवेक पाळीत नाहीत. गाडी बंद पडली की ‘इंजिन गेले’ असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. आमच्या घरीही असेच होणार होते. पण ते टळले. ते कसे टळले आणि त्यापायी एक मोठा अनर्थ कसा ओढवता ओढवता राहिला, ही हकीकत वाचकांस उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

अकोल्यास आमच्या राहत्या घरी वडिलांच्या वेळची एक मोटारसायकल आहे. वडील मूर्तिजापुरास शिक्षक असताना याच गाडीवर जाऊन येऊन असत. ते गेल्यावर ती पडवीत उभी राहिली. पुतण्याला अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा त्याने ‘आजोबांची गाडी मला द्या’ असा हट्ट धरला. गाडी किक मारताच सुरू होई, चार-पाच मिनिटे चाले आणि मग गळा दाबल्यासारखी बंद पडे. थोडा वेळ थांबून पुन्हा किक मारली की पुन्हा तोच प्रकार! एका कारखान्यात दाखविली, तेव्हा इंजिन उघडावे लागेल असे सांगून त्यांनी जो खर्चाचा आकडा दिला, तो ऐकून वडील बंधू म्हणाले, “त्यापेक्षा मोडीत काढू.” आई काही बोलली नाही, परंतु त्या दिवशी ती नीट जेवलीही नाही.

शेवटचा उपाय म्हणून गल्लीतील एका वृद्ध मिस्त्रींना बोलाविले. त्यांनी इंजिनास हातही लावला नाही. टाकीची नळी सोडविली, टाकी उतरवून बाजूला ठेवली आणि पिशवीतून दवाखान्यातील सलाइनची एक रिकामी बाटली काढली! तिच्यात थोडेसे स्वच्छ पेट्रोल घेऊन ती हँडलला टांगली व तिची नळी कार्ब्युरेटरला जोडून किक मारली. गाडी पाच मिनिटे चालली, दहा मिनिटे चालली. बंद पडण्याचे नाव नाही. मिस्त्री हसून म्हणाले, “काकाजी, इंजिन ठीक हाय जी. टाकीच बिघडली हाय.”

यातील मर्म समजावून घेण्याजोगे आहे. जुन्या धर्तीच्या मोटारसायकलीत पेट्रोल टाकीतून केवळ आपल्या वजनाने खाली उतरते. कार्ब्युरेटरला एक लहानशी वाटी असते. तीत तरंगणारा फ्लोट वर आला की एक सुई पेट्रोलची वाट बंद करते. पातळी उतरली की सुई वाट मोकळी करते. टाकीच्या तोंडाशी गाळ साचला, तर वाटी भरण्यास फार वेळ लागतो. वाटीतील साठा असेतोवर इंजिन चालते. तो संपला की थांबते. आणि आपण विश्रांती घेत असता वाटी हळूहळू पुन्हा भरते. आमच्या गाडीची सारी लक्षणे हीच होती. तात्पुरत्या बाटलीने टाकी, कॉक व जाळी ही तिन्ही एका झटक्यात बाजूस सारली आणि दोष कोणत्या घरचा, याचा निवाडा झाला.

टाकी धुतली तेव्हा तांबेऱ्याचा अक्षरशः चिखल निघाला. अर्धवट भरलेल्या टाकीत ओलावा धरतो व लोखंड गंजते. शिवाय 2025 सालापासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलात सुमारे 20 टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. ते प्रमाणाबाहेर झाले म्हणजे पाण्यासह तळाशी बसते. म्हणून जी गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तिची टाकी तशीच अर्धी ठेवून विसरू नये. टाकीच्या झाकणाचे सूक्ष्म छिद्रही तपासावे. ते बुजले तर आत हवा शिरत नाही व पेट्रोल उतरत नाही. झाकण सैल करताच गाडी सुधारली, तर दोष तेवढाच समजावा.

येथवर सारे गोड झाले. पण मिस्त्री टाकी घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी तिन्हीसांजेस आमचे चिरंजीव पुतणे, भावंडांना इंजिनाचा आवाज ऐकविण्यासाठी, पडवीत तोच प्रयोग करू लागले. पाण्याची एक बाटली, एक पातळ नळी आणि अर्धा लिटर पेट्रोल! नळी घट्ट बांधलेली नव्हती. ती निसटली आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावरून फरशीवर वाहू लागले. दहा पावलांवर तुळशीपुढे दिवा तेवत होता. आईला वास आला. जन्मात कधी दिवा न मालविणाऱ्या त्या माउलीने हातातील पातेले दिव्यावर पालथे घातले व मुलांना अंगणाबाहेर पिटाळले. त्या एका क्षणाच्या सावधपणाने आमचे घर वाचले.

पेट्रोलाची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. शून्याखाली सुमारे 40 अंशांवरही ती पेट घेऊ शकते. मग आपल्या वऱ्हाडातील उन्हाळ्याची काय कथा! 2024 सालच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेल्यामुळे अकोल्यात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. अशा दिवसांत भर दुपारी हा प्रयोग मुळीच करू नये.

ज्यांना ही परीक्षा करावयाचीच असेल त्यांनी ती जाणत्या माणसाच्या देखत, उघड्यावर, सकाळच्या गारव्यात करावी. पेट्रोल शंभर मिलिलिटरहून अधिक घेऊ नये. चाचणीस तेवढे पुरते. सलाइनची नळी पेट्रोलाने कडक होते व तडकते. म्हणून पेट्रोलाचीच रबरी नळी वापरून दोन्ही टोके क्लिपने आवळावी. बाटलीहून भंगारातील मोपेडची तोटीसह लहान टाकी केव्हाही बरी. ती कार्ब्युरेटरच्या वर वीतभर, परंतु इंजिन व सायलेन्सर यांपासून दूर पक्की बांधावी, आणि तिला हवा शिरण्यास छिद्र ठेवावे. ज्या गाडीच्या टाकीच्या कॉकला इंजिनाच्या ओढीची वेगळी नळी असते, तेथे ते तोंड बंद करावे. दोन-स्ट्रोक गाडीत पेट्रोलात तेल मिसळावयाचे असेल, तर बाटलीतही ते मिसळावे. नाहीतर परीक्षेतच इंजिन जाम व्हावयाचे. एका जागी उभ्या गाडीला वारा लागत नाही, म्हणून ती फार वेळ चालवू नये. इंजिन चालू असता पेट्रोल ओतू नये, आणि जवळ वाळूची बादली असावी, पाणी नव्हे.

हा उपाय नव्या गाड्यांना मात्र लागू नाही. 1 एप्रिल 2020 पासून बी. एस. 6 चे नियम लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. तेथे टाकीतील पंप हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट दाबाने पेट्रोल ढकलतो. तेवढा दाब नुसत्या बाटलीने मिळवावयाचा, तर ती सुमारे 40 मीटर उंच टांगावी लागेल! तेव्हा तिथे बाटलीचा नाद सोडून दाबमापक असलेल्या माणसाकडेच जावे.

तात्पुरत्या इंधनाची ही युक्ती जुनीच आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ ही जर्मन गृहिणी पतीने बनविलेली मोटार घेऊन, त्यास न सांगता, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. अकोल्याहून अमरावती जेवढी, जवळजवळ तेवढेच. वाटेत इंधन संपत आले, तेव्हा तिने वीस्लोख गावी औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचे लिग्रोइन विकत घेतले. आणि इंधनाची नळी तुंबली, तेव्हा टोपीच्या टाचणीने ती मोकळी केली. तिनेही इंजिन उघडले नाही. प्रथम नळी पाहिली.

आमची गाडी आता अमरावतीस आहे. पुतणे तिजवर बसण्यापूर्वी आजीच्या पाया पडले, तेव्हा तिने आशीर्वाद देऊन एवढेच सांगितले, “गाडी हळू चालव, आणि दिव्याजवळ पुन्हा बाटली आणू नकोस.”