वाटीखाली झाकलेला अंधार

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं वठवून खेळायचा खेळ खेळणाऱ्यांमध्ये एक युक्ती वर्षानुवर्षे फिरते आहे. पाणी निर्माण करणारा पहिल्या लेव्हलचा मंत्र घ्यायचा, समोरच्या राक्षसाच्या फुफ्फुसात पाणी भरायचं आणि त्याला उभ्या जागी बुडवून मारायचं. ऐकणारा थक्क होतो, आणि मंत्रांचा कल्पक वापर म्हणजे हेच, असा समज पक्का होतो. हा समज मुळातच उलटा आहे. ही युक्ती मंत्र अर्धवट वाचल्यामुळे जन्माला आली. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ या मंत्राचं वर्णन अगदी स्वच्छ आहे: उघड्या भांड्यात १० गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण ३८ लिटर पाणी, किंवा ३० फुटी घनाकार जागेत पाऊस. श्वास घेणाऱ्या प्राण्याचं फुफ्फुस हे उघडं भांडं नव्हे. त्याआधीच्या, २००३ सालच्या साडेतीन आवृत्तीत तर पाण्याच्या मंत्राखालीच बजावून ठेवलं होतं, की अशा मंत्रांनी कुठलाही पदार्थ प्राण्याच्या शरीरात निर्माण करता येत नाही. उत्तर छापलेलं असताना युक्ती मात्र तोंडोतोंडी चालत राहिली.

या समजाची मुळं खेळाच्या इतिहासात आहेत. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा ‘चेनमेल’ हा युद्धखेळ आला. त्याच्या काल्पनिक पुरवणीतला जादूगार म्हणजे जवळपास चालती तोफच होती. त्याच्या आगीच्या गोळ्याचा तडाखा मोठ्या गोफणयंत्राच्या मापाने मोजला जाई. १९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तेव्हा मंत्र आधी मनात साठवायचा आणि म्हटला की तो विसरायचा, ही कल्पना त्यांनी जॅक व्हान्सच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून उचलली. मंत्र मोजके आणि प्रत्येक जपून वापरायचा, असं झाल्यावर ‘यातून जास्तीत जास्त नुकसान किती?’ हा प्रश्न खेळाडूंच्या डोक्यात घर करून बसला. त्या हिशेबात मंत्राचं वर्णन फक्त आकड्यासाठी वाचलं जातं, आणि त्यातली सगळ्यात कामाची वाक्यं नजरेतून सुटतात.

२०१४ च्या मजकुरातला ‘डार्कनेस’ हा दुसऱ्या लेव्हलचा मंत्र घ्या. १५ फूट त्रिज्येचा गडद अंधार, जास्तीत जास्त १० मिनिटं. मशाल किंवा कंदील तिथे निरुपयोगी, आणि अंधारात पाहू शकणाऱ्या जमातींनाही त्यातून दिसत नाही. मंत्र टाकणाऱ्यालाही दिसत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आपल्याला दिसेल असं गृहीत धरून खेळाडू स्वतःच्याच सोबत्यांना आंधळं करून बसतात. म्हणून हा मंत्र कुचकामी ठरवला जातो. पण वर्णनात पुढे दोन गोष्टी आहेत. हा अंधार हातातल्या वस्तूवर टाकता येतो आणि मग तो वस्तूबरोबर हलतो. आणि वाटी किंवा शिरस्त्राण अशा अपारदर्शक वस्तूने ती वस्तू पूर्ण झाकली, की अंधार अडतो. आता एक नाणं घ्या, त्याला भोक पाडून लांब दोरा बांधा. त्यावर मंत्र टाका आणि लगेच नाणं डबीत बंद करा. मशालींच्या उजेडात बसलेल्या पहारेकऱ्यांच्या खोलीशी पोचलात, की डबी उघडून नाणं आत भिरकावा. खोली काळीठिक्कर होते, पहारेकरी चाचपडू लागतात, तेवढ्यात सोबती भिंतीच्या कडेने दारापार होतात. मग दोरा ओढायचा आणि नाणं पुन्हा डबीत. जोखीमही खरी आहे: जादूगाराला एकाग्रता टिकवावी लागते, एखादा घाव बसून ती मोडली तर अंधार तिथेच संपतो. इथे एकही नियम वाकवलेला नाही. अंधार झाकून नेण्याची सोय मंत्रातच लिहिलेली आहे.

दुसरा गैरसमज असा, की शाळेतलं भौतिकशास्त्र वापरलं की खेळ हुशारीचा होतो. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे शेतकऱ्यांची रांग. लढाईची एक फेरी ६ सेकंदांची. तेवढ्यात हजारो शेतकऱ्यांनी रांगेत उभं राहून एक काठी हातोहात पुढे दिली, तर नियमांप्रमाणे ती काही सेकंदांत मैलोगणती जाते. म्हणून शेवटच्या माणसाच्या हातून ती तोफगोळ्यासारखी सुटावी, असा हा दावा. यात वेग काढताना खेळाचे नियम लावले आहेत आणि मार काढताना न्यूटन. दोन्हीकडून सोयीचं तेवढं घेतलं की काहीही सिद्ध होतं. २०२४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये नेमक्या याच रांगेचा समाचार घेतला आहे: नियम खेळ रंगावा म्हणून आहेत, ते त्या जगाचे भौतिक सिद्धांत नव्हेत. हिशेब करूच नये, असा याचा अर्थ नाही. ‘फेदर फॉल’ मंत्राने पाच जण एका फेरीत ६० फूट या गतीने अलगद खाली येतात आणि मंत्र टिकतो एक मिनिट, म्हणजे १० फेऱ्या. ६०० फुटी बुरुजावरून सगळ्यांनी उडी टाकावी, सुखरूप उतराल. ७०० फुटी कड्यावरून टाकाल, तर शेवटचे १०० फूट धोंड्यासारखे कोसळाल. हे गणित मंत्राच्या मजकुरातूनच येतं.

यावर रास्त आक्षेप असा, की शब्दाशब्दावर बोट ठेवलं तर खेळाचं कोर्ट होईल. आपल्याकडे याचं उत्तर फार जुनं आहे. हिरण्यकश्यपूचा वर आठवा: ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, ना माणसाकडून ना पशूकडून, ना शस्त्राने. नरसिंहाने त्यातला एकही शब्द मोडला नाही. तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, नखांनी प्रत्येक अट पाळली. ती गोष्ट रंगते ती अटींमुळेच. फुफ्फुसातल्या पाण्याची युक्ती मात्र अट पाळत नाही, ती अट नाहीच असं धरून चालते. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, ती एकदा मान्य केली, की पहिल्या लेव्हलचा मंत्र प्रत्येक शत्रूचा काळ ठरतो, बाकी मंत्रांची पानं फुकट जातात, आणि पुढच्या लढाईत शत्रूचा पुरोहितही तेच करू शकतो.

पण मजकूर जिथे गप्प आहे, तिथे डीएमने मोकळ्या मनाने ऐकावं. त्याच मंत्राच्या पावसाने उघड्या ज्वाळा विझतात, हे लिहिलेलं आहे. पावसाच्या धारांत अदृश्य शत्रूचा आकार जाणवेल का, हे लिहिलेलं नाही. तिथे ‘हो, क्षणभर जाणवेल’ म्हणणं हा चांगल्या डीएमचा निवाडा. मजकुराने नाही म्हटलं असेल, तर मात्र त्याला तसंच राहू द्यावं. ‘ग्रीस’ मंत्राचं वंगण पेटवायचा मोह सगळ्यांना होतो. २०२४ च्या मजकुराने ते जळत नाही असं सांगून टाकलं. घसरण्यासाठी दिलेला १० फुटी चौरस अरुंद जिन्यावर टाकला, तर आगीची गरजही पडत नाही.

मोठे मंत्र मिळाल्याशिवाय कल्पकतेला वाव नाही, हीही तक्रार ऐकू येते. पण ‘मेज हँड’ हा जादूचा हात उभा करणारा छोटा मंत्र हवा तितक्या वेळा टाकता येतो. तो ३० फुटांवरून १० पौंडांपर्यंतची वस्तू उचलतो, कुलूप नसलेलं दार उघडतो, कुपीतलं द्रव ओततो. हल्ला मात्र करू शकत नाही. सापळा असल्याचा संशय आलेली पेटी दुरून उघडायला आणखी काय हवं?

जानेवारी २०२३ पासून पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, इथे आलेले बहुतेक मंत्र धरून, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना मोफत खुले आहेत. मूळ श्रेय दिलं, की त्यांचा मराठी अनुवाद करायलाही कुणाची परवानगी मागावी लागत नाही. मराठीतून खेळणाऱ्या एखाद्या गटाने हे काम हाती घ्यावं, आणि सुरुवात ‘डार्कनेस’पासून, शेवटच्या वाक्यापर्यंत करावी.