बेस्ट मॅनची पाच मिनिटं
आपल्या लग्नात मित्रांची कामं ठरलेली असतात: वरातीत नाचायचं, पंगतीत जिलेबीचा आग्रह करायचा, नवरीला उखाण्यासाठी छळायचं. भर मांडवात नवरदेवाबद्दल भाषण करायची वेळ कुणावर येत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये नोकरी करणारा माझा भाचा तिथल्या मित्राच्या लग्नात बेस्ट मॅन होणार हे कळल्यावर मी हट्टानं सोबत गेले.

अंगठ्या सांभाळणं, नवरदेवाला वेळेवर चर्चमध्ये उभं करणं ही किरकोळ कामं. परीक्षा भाषणाची. रिवाजाप्रमाणे आधी वधूपिता बोलतो, मग नवरा, शेवटी बेस्ट मॅन. जुन्या पद्धतीत तो करवल्यांच्या वतीनं नवऱ्याचे आभार मानून सुरुवात करतो. पुढे मित्राची थट्टा, नवरीचं कौतुक आणि सगळ्यांना उभं करून ग्लास उंचावणं. भाच्यानं हे छोट्या कार्डांवर लिहिलं होतं. हातातून पडली तरी क्रम बिघडू नये म्हणून कोपऱ्यात भोक पाडून कार्डं दोऱ्यात ओवलेली.

माझी नजर मात्र खोडलेल्या ओळींवर खिळली. लग्नाआधीच्या स्टॅग पार्टीचा किस्सा, जुनी मैत्रीण, सगळ्यावर लाल रेघ.

"अरे, यावर तर लोक पोट धरून हसले असते!"

"मावशी, समोर नवरीची आजी बसणार आहे."

त्या आजीला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. पण प्रत्येक ओळ तिला ऐकवायची आहे, अशा बेतानं म्हणून बघत होता.

यॉर्कशायरमधल्या एका जुन्या धान्याच्या कोठारात स्वागत समारंभ होता. भाषणं जेवणाआधी. भाजलेल्या मटणाचा वास सुटलेला, आणि वाढप्यांची मुख्य बाई दारात घड्याळ बघत उभी. "पाच मिनिटं," तिनं भाच्याला बजावलं, "मटण वाट बघत नाही." टेबलांवरून बरणी फिरत होती. भाषण किती लांबेल यावर पैज. प्रत्येकी 1 पौंड. पाच मिनिटांत वधूपिता लेकीच्या बालवाडीपर्यंतही पोचले नाहीत. मला आपल्याकडची न संपणारी घरगुती मंगलाष्टकं आठवली, मुठीत घामेजणाऱ्या अक्षतांसकट.

भाचा उठला. कार्डांचा दोरा थरथरत होता. एकत्र राहत असताना कुकरची शिट्टी झाली की हा सहा फुटी गडी स्वयंपाकघरातून पळायचा, हे सांगितल्यावर कोठार खदखदून हसलं. मग सूर बदलून तो म्हणाला, "माझे वडील अत्यवस्थ होते, तेव्हा विमान मिळेपर्यंत रात्रभर हाच माझ्याशेजारी बसला होता." भावोजींच्या दुखण्यातली ही गोष्ट आम्हा घरच्यांनाही ठाऊक नव्हती. आजीबाई मघाशी हसल्या होत्या, आता चष्मा पुसत होत्या. ग्लास उंचावले गेले आणि मटण वेळेत टेबलांवर आलं.

बेस्ट मॅनची तयार भाषणं विकत मिळतात. ती कुठल्याही नवरदेवाला चालतात, म्हणून कुणालाच शोभत नाहीत. किस्से तर मित्राकडे ढिगानं असतात. कसब आहे ते गाळण्यात. आपल्याकडेही संगीताच्या कार्यक्रमात आता मित्रांच्या हाती माइक येतो. तुमच्या हाती आला, तर समोरची सगळ्यात म्हातारी बाई कोण ते आधी बघा, तिच्यादेखत सांगता येणार नाही ते खोडा, आणि पाच मिनिटांत खाली बसा.