बर्फाळ रस्ता आणि मागच्या चाकांवर चालणारी मोटार

मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स मोटार बर्फावर घसरली, की दोष तिच्या रचनेवर ठेवण्यात येतो. तो अर्धाच खरा होय. माझ्दा एमएक्स-५ सारख्या मोटारीत इंजिन पुढे असून गती मात्र मागच्या चाकांना मिळते. त्यामुळे वेग वाढविणारे पेडल किंचित जोराने दाबले, तरी ती चाके पकड सोडतात आणि मागचा भाग बाजूला जातो. परंतु थांबण्यास व वळण्यास चारही चाकांची पकड लागते, आणि ती रबरावर अवलंबून असते. उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे मऊ राहते व त्यावरील बारीक चिरा बर्फाला धरतात. म्हणूनच असे टायर केवळ मागे बसविणे ही खोटी काटकसर ठरते: मोटार निघते खरी, पण थांबावयास व वळावयास कुरकुरते. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर २०१० पासून सक्तीचे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून तर पर्वत व हिमकण यांचे चिन्ह असलेलेच ग्राह्य धरले जातात.

डिकीत वाळूची पोती ठेवण्याचा जुना उपाय निघताना उपयोगी पडतो. वळणावर मात्र तेच ओझे मागचा भाग बाहेर ओढते. स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकेका चाकाला ब्रेक लावून मोटार सावरते, पण नसलेली पकड निर्माण करू शकत नाही. उतारावर एकदम खालचा गिअर टाकणे विशेष धोक्याचे, कारण इंजिनाचा रोध केवळ मागच्याच चाकांवर पडतो. अशा वेळी क्लच दाबून चाके मोकळी सोडावीत.