शॉपिफाय

शॉपिफाय ही कॅनडातील ओटावा येथे मुख्यालय असलेली ई-वाणिज्य कंपनी आहे. ऑनलाइन दुकान उभारण्यासाठी व चालवण्यासाठी वापरला जाणारा तिचा सॉफ्टवेअर मंचही याच नावाने ओळखला जातो. दुकानमालक ठरावीक वर्गणी भरून हा मंच वापरतात; त्यांना स्वतःचा सर्व्हर ठेवावा लागत नाही आणि प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नसते. २००६ मध्ये सुरू झालेल्या या मंचावर पुढील काळात पैसे स्वीकारणे, प्रत्यक्ष दुकानातील विक्री, भांडवलपुरवठा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता अशा अनेक सुविधांची भर पडली. या सुविधांमुळे लहान विक्रेत्यांना पूर्वी केवळ मोठ्या कंपन्यांकडे असलेली साधने उपलब्ध झाली. मात्र कोणती सुविधा कोणाला मिळेल, हे विक्रेत्याचा देश, त्याने घेतलेली योजना आणि कंपनीचे धोरण यांवर अवलंबून असते.

स्वरूप

ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्ट ही बाजारपेठेच्या स्वरूपाची संकेतस्थळे आहेत. तेथे एकाच छताखाली अनेक विक्रेते असतात आणि ग्राहक मुख्यत्वे त्या संकेतस्थळाचा असतो. शॉपिफायवर प्रत्येक विक्रेत्याचे स्वतंत्र दुकान असते. दुकानाचे नाव, संकेतस्थळाचा पत्ता आणि ग्राहकांची यादी विक्रेत्याकडे राहते. मात्र ज्या यंत्रणेवर दुकान चालते ती कंपनीच्या मालकीची असते. त्यामुळे या व्यवस्थेची तुलना भाड्याच्या गाळ्याशी करता येते.

दुकानाचे प्रामुख्याने तीन भाग असतात. पहिला भाग ग्राहकाला दिसणारा दर्शनी भाग होय. दुसरा भाग वस्तू, साठा, ऑर्डर आणि हिशेब पाहण्यासाठी मालक वापरतो. तिसरा भाग म्हणजे चेकआउट, जेथे ग्राहक पत्ता देतो आणि पैसे भरतो.

इतिहास

टोबियास ल्युट्के आणि स्कॉट लेक यांनी २००४ मध्ये स्नोडेव्हिल नावाचे स्नोबोर्ड विकणारे ऑनलाइन दुकान सुरू केले. त्या वेळी उपलब्ध असलेले सॉफ्टवेअर समाधानकारक न वाटल्याने ल्युट्के यांनी रुबी ऑन रेल्स या तेव्हा नव्या असलेल्या साधनाच्या आधारे स्वतःची प्रणाली लिहिली. स्नोबोर्डपेक्षा ही प्रणालीच इतर विक्रेत्यांना अधिक उपयोगी ठरेल, असे लक्षात आल्यावर २००६ मध्ये ती शॉपिफाय या नावाने खुली करण्यात आली. डॅनियल वाइनांड हेही कंपनीचे सहसंस्थापक होत.

२००९ मध्ये कंपनीने बाहेरच्या विकसकांसाठी ॲप भांडार सुरू केले. मे २०१५ मध्ये कंपनीचे समभाग न्यू यॉर्क व टोरंटो येथील शेअर बाजारांत नोंदवले गेले. त्याच वर्षी ॲमेझॉनने आपली वेबस्टोअर ही सेवा बंद करण्याचे ठरवले आणि तेथील दुकानदारांना स्थलांतरासाठी शॉपिफायचा पर्याय सुचवला. जून २०२२ पासून कंपनी नव्या सुविधा ‘एडिशन्स’ या नावाने वर्षातून दोनदा एकत्रितपणे जाहीर करते.

दुकानमालकांसाठी सुविधा

मांडणी: दुकानाचे रूप ‘थीम’ने ठरते. थीम लिक्विड या कंपनीनेच तयार केलेल्या मुक्त स्रोत भाषेत लिहिलेल्या असतात. २०२१ मध्ये आलेल्या ‘ऑनलाइन स्टोअर २.०’मुळे मुख्य पानाप्रमाणेच इतर पानांचे विभागही मालकाला स्वतः जोडता, काढता आणि हलवता येऊ लागले. पूर्वी अनेक ॲप थीममध्ये स्वतःचा कोड घालत असत आणि ॲप काढल्यावरही तो तेथेच राहून पान मंदावण्याची शक्यता असे. नव्या रचनेत ॲपचा भाग स्वतंत्र ठेवल्यामुळे तो सहज काढता येतो.

पैसे स्वीकारणे: २०१३ मध्ये अमेरिका व कॅनडात ‘शॉपिफाय पेमेंट्स’ सुरू झाले. यामुळे मालकाला वेगळ्या पेमेंट गेटवेशी करार न करता कार्डाने पैसे घेता येऊ लागले. २०१७ मध्ये आलेल्या आणि आता ‘शॉप पे’ या नावाने परिचित असलेल्या सुविधेत ग्राहकाचा पत्ता व कार्डाचा तपशील साठवला जातो. तोच ग्राहक पुढे या मंचावरील दुसऱ्या दुकानात गेला, तरी त्याला सर्व माहिती पुन्हा भरावी लागत नाही.

भांडवल: २०१६ मध्ये अमेरिकेत ‘शॉपिफाय कॅपिटल’ सुरू झाले. दुकानाच्या विक्रीची नोंद कंपनीकडे असल्याने तिच्या आधारे मालकाला आगाऊ रक्कम दिली जाते आणि पुढील विक्रीतील ठरावीक टक्केवारीतून ती वसूल होते.

वस्तूंचे प्रकार: एका वस्तूचे आकार, रंग, कापड यांनुसार होणारे प्रकार मंचावर स्वतंत्रपणे नोंदवावे लागतात. दीर्घकाळ एका वस्तूला कमाल १०० प्रकारांची मर्यादा होती. सहा आकार, सहा रंग आणि तीन कापडे असलेल्या कुर्त्याचे १०८ प्रकार होतात. म्हणजे असा साधा कुर्ताही एका पानावर मावत नसे. मालकाला त्याची दोन पाने करावी लागत किंवा शुल्क भरून वेगळे ॲप घ्यावे लागे. पुढे ही मर्यादा २,०४८ पर्यंत वाढवण्यात आली.

कृत्रिम बुद्धिमत्ता: २०२३ मध्ये वस्तूंचे वर्णन लिहून देणारी ‘शॉपिफाय मॅजिक’ ही सुविधा आली. त्याच वर्षी ‘साइडकिक’ हा संवादी साहाय्यकही जाहीर झाला. मालकाने नेहमीच्या भाषेत प्रश्न विचारल्यास विक्रीची माहिती देणे किंवा सवलत तयार करण्यास मदत करणे, अशी कामे तो करतो. अशा साधनांनी लिहिलेल्या वर्णनात चूक राहिल्यास ग्राहकाला उत्तर देण्याची जबाबदारी दुकानमालकाचीच असते. त्यामुळे मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी तपासणे आवश्यक ठरते.

मागे घेतलेल्या आणि बदललेल्या सुविधा

मंचावर सुविधा येतात तशा त्या जातातही. २०१९ मध्ये कंपनीने विक्रेत्यांचा माल गोदामात ठेवून ग्राहकांपर्यंत पोहोचवणारे स्वतःचे जाळे उभारण्याचे जाहीर केले. त्यासाठी २०२२ मध्ये डेलिव्हर ही कंपनी सुमारे २१० कोटी अमेरिकी डॉलरला विकत घेतली. मात्र मे २०२३ मध्ये हा व्यवसाय फ्लेक्सपोर्ट या कंपनीला देण्याचा निर्णय जाहीर झाला आणि त्याच वेळी सुमारे २० टक्के कर्मचारी कमी करण्यात आले.

चेकआउटमधील बदल हे दुसरे उदाहरण होय. ‘शॉपिफाय प्लस’ या महागड्या योजनेतील दुकानांना चेकआउटच्या पानाचा कोड थेट बदलण्याची मुभा होती. कंपनीने ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद केली आणि माहिती, पाठवणी व पैसे भरण्याच्या पानांसाठी ऑगस्ट २०२४ ही मुदत ठरवली. नवी पद्धत अद्ययावत करण्यास सोपी असली, तरी जुन्या पद्धतीने केलेले काम दुकानांना नव्याने करून घ्यावे लागले.

भारतातील वापर

भारतात कपडे, सौंदर्यप्रसाधने, खाद्यपदार्थ इत्यादी थेट ग्राहकांना विकणारे अनेक व्यवसाय शॉपिफाय वापरतात. तथापि शॉपिफाय पेमेंट्स भारतात उपलब्ध नाही. येथील दुकानमालकांना यूपीआय व कार्डाने पैसे घेण्यासाठी रेझरपे, पेयू यांसारखे गेटवे जोडावे लागतात. बाहेरचा गेटवे वापरल्यास शॉपिफाय योजनेनुसार प्रत्येक विक्रीवर वेगळे शुल्क आकारते. हे शुल्क २ टक्के असल्यास १,००० रुपयांच्या विक्रीमागे २० रुपये जातात आणि गेटवेचे स्वतःचे शुल्क त्याहून वेगळे असते. त्यामुळे खर्चाचा अंदाज बांधताना मासिक वर्गणी, दोन्ही शुल्के आणि ॲपचे मासिक दर यांची एकत्र बेरीज करावी लागते.

माल घरी पोहोचल्यावर रोख रक्कम घेण्याची पद्धत मंचावर हस्तचलित देयक म्हणून जोडता येते आणि तिच्यावर हे अतिरिक्त शुल्क लागत नाही. अशी ऑर्डर रक्कम हाती आल्याची नोंद होईपर्यंत ‘प्रलंबित’ दिसते. ग्राहकाने दारात माल नाकारल्यास जाण्या-येण्याचा वाहतूक खर्च सामान्यतः विक्रेत्यावर पडतो.

मंच बदलणे

शॉपिफायवरून वस्तू, ग्राहक आणि ऑर्डर यांच्या याद्या फाइलच्या रूपात बाहेर काढता येतात. मात्र ग्राहकांचे पासवर्ड नेता येत नाहीत, लिक्विडमधील थीम दुसऱ्या मंचावर तशीच चालत नाही आणि ॲपमध्ये साठलेली माहिती, उदाहरणार्थ ग्राहकांचे अभिप्राय, त्या त्या ॲपमधून वेगळी काढावी लागते. वस्तूंच्या पानांच्या पत्त्यांची रचनाही मंचाने ठरवलेली असल्याने जुने दुवे नव्या दुकानाकडे वळवावे लागतात.

वर्डप्रेसवर चालणारे वूकॉमर्स हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर हा यावरील एक प्रमुख पर्याय आहे. त्यात कोड व माहिती पूर्णपणे मालकाच्या ताब्यात राहते. परंतु सर्व्हर, सुरक्षा आणि अद्ययावतीकरण यांचा भारही त्यालाच उचलावा लागतो. शॉपिफायमध्ये हा भार कंपनी घेते आणि त्याच्या मोबदल्यात कोणती सुविधा ठेवायची, कोणती काढायची, हे ठरवण्याचा अधिकारही तिच्याकडे राहतो.