वाळवीला पंख फुटले की नोटीस आपल्याला!



आज विक्री आणि मार्केटिंग जरा बाजूला ठेवू. आज बोलू एका अशा भागीदाराबद्दल, जो न विचारता आपल्या मालात हिस्सा घेतो. वाळवी! काही भागात तिला उधई म्हणतात.

माझं स्टेशनरीचं दुकान. सुरुवातीला गोडाऊन म्हणजे आमच्या घराची मागची खोली. जून महिना, शाळा उघडायचा सीझन, श्वास घ्यायला वेळ नाही. एका संध्याकाळी जोरदार सर पडून गेली. सकाळी झाडताना आई म्हणाली, "अरे, मागच्या खोलीच्या चौकटीपाशी पंखांचा ढीग पडलाय. जरा बघ." मी म्हटलं, "पावसाळ्यात येतातच गं किडे, लोटून टाक." विषय संपला.

दिवाळीत खोकी हलवली. वरची खोकी एकदम ठणठणीत. भिंतीला टेकलेल्या खालच्या रांगेतल्या वह्या उचलल्या, तर हातात माती आली! माल परत भरता आला हो. पण त्याच रांगेत माझी उधारीची वही होती. कोणाकडून किती येणं, ते वाळवीने परस्पर माफ करून टाकलं.

हे किडे येतात कुठून?

वारूळ काही वर्षांचं, भरलेलं झालं की त्यात पंखवाले नर-माद्या तयार होतात. पहिल्या पावसानंतर हवा दमट झाली, माती मऊ झाली की ते एकदम बाहेर पडतात. थोडं उडतात, पंख गाळतात, जोडी जमवतात आणि नवीन घर शोधतात. बहुतेक जण पाली-पाखरांच्या पोटात जातात. हे उडणारे किडे लाकूड खात नाहीत. खातात ते कामकरी, आणि ते आपल्याला दिसत नाहीत.

मुंगी की वाळवी?

पंखवाल्या मुंग्याही याच दिवसांत निघतात. म्हणून दोन-चार किडे बाटलीत धरून नीट बघा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान. वाळवीला कंबरच नसते, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या, चारही पंख सारखे आणि अंगापेक्षा बरेच लांब. सकाळी नुसते पंखच पडलेले दिसले, तर वाळवीचा संशय पक्का धरा.

खरा प्रश्न: बाहेरून आले की आतून निघाले?

अंगणातल्या दिव्यावर किडे जमले, तर घाबरू नका, ते कुठूनही येतात. दिवे बंद करा, खिडक्या लावा, सकाळी झाडून टाका. पण चौकटीतून, फरशीच्या फटीतून किंवा भिंतीतून किडे निघताना दिसले, किंवा खिडक्या बंद असूनही आत पंखांचा ढीग सापडला, तर वाळवी घरातच आहे असं समजा. तो ढीग म्हणजे नोटीस. मी ती केरात टाकली, तुम्ही टाकू नका.

दुसऱ्या दिवशी काय करायचं?

1. झाडण्याआधी किडे जिथून निघाले त्या जागेचा फोटो काढा.
2. चौकटीवर, कपाटावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. पोकळ आवाज आला तर आत खाल्लंय.
3. भिंतीवर पेन्सिलीएवढ्या मातीच्या वाटा शोधा. एक वाट थोडी मोडून ठेवा. काही दिवसांत पुन्हा बांधली, तर वाळवी चालू आहे. नाही बांधली तरी निश्चिंत होऊ नका, दुसरी वाट असू शकते.
4. स्प्रे किंवा रॉकेल मारून समाधान मानू नका. समोरचे किडे मरतात, वारूळ तसंच राहतं.

ट्रीटमेंट करून घेताना

कीटकनाशक कायदा 1968 खालचा परवाना बघायला मागा. बांधून झालेल्या इमारतींसाठी आय.एस. 6313 या मानकाचा तिसरा भाग आहे, काम त्याप्रमाणे करणार का ते विचारा. साधारणपणे भिंत आणि फरशीच्या सांध्याला फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडतात. वॉरंटी लेखी घ्या. घराजवळ विहीर किंवा बोअर असेल तर आधी सांगा. पापड, मसाले, लोणची करणाऱ्या ताईंनी सगळा माल आधी दुसरीकडे हलवायचा. भाड्याची जागा असेल तर मालकाला लेखी कळवा. नवीन बांधकाम असेल तर हे काम पायाच्या वेळीच करून घ्या.

माल कसा ठेवायचा?

पुठ्ठा, कागद, सुती कापड, लाकूड हे सगळं वाळवीचं जेवण. खोकी लोखंडी रॅकवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, म्हणजे मागे टॉर्च मारून बघता येतं. गळके नळ, ओल काढा. महिन्यातून एकदा सगळ्यात खालचं खोकं उघडाच. उधारीची नोंद मोबाईलमध्येही ठेवा. आणि लक्षात घ्या, साध्या फायर पॉलिसीत वाळवीचं नुकसान धरत नाहीत.

मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपण म्हणतो. वाळवीला पंख फुटले तर काळजी आपल्या मालाची. त्या दिवशी दहा मिनिटं काढली असती, तर माझी वही वाचली असती. तुम्ही ती दहा मिनिटं पुढच्या पावसानंतर नक्की काढा.

भेटू पुढच्या विषयात.