हिरवळीची हद्द आणि रोबो

गवत कापणारा रोबो हिरवळीच्या मधोमध थांबला, की माणसे आधी त्याला उलटा करून पाती तपासतात आणि मग बॅटरीला नावे ठेवतात. दोष बहुतेकदा निराळ्याच ठिकाणी सापडतो. यंत्रापासून दहा-वीस मीटरवर, मातीत दोन बोटे खाली, कुठे तरी तार तुटलेली असते किंवा तिचा सांधा गंजलेला असतो. या यंत्राचे निम्मे अंग जमिनीवर फिरते आणि निम्मे जमिनीत पुरलेले असते. फिरणारे अंग कारखान्यातून तयार होऊन येते. पुरलेले अंग मात्र आपणच घडवतो, आणि बिघडतेही तेच.

यंत्र मुळात साधे आहे. लांबी साधारण दोन फूट, उंची फूटभर. पोटाखाली फिरती तबकडी आणि तिला सैल अडकवलेली तीन छोटी पाती. दगड लागला तर पाते तुटत नाही, मागे दुमडते. उचलले किंवा कलंडले तर पाती थांबतात. ते रोज थोडे थोडे गवत खुडते. कापलेला भुगा तिथेच पडतो आणि खत होतो, त्यामुळे पाचोळ्याच्या गोण्या उचलायचे काम राहत नाही. बॅटरी उतरली की आपल्या आपण चार्जिंगच्या जागी परतते. आपण कुठवर आलो, हे मात्र जुन्या पद्धतीच्या यंत्राला ठाऊक नसते. ते वाट फुटेल तिकडे जाते आणि हद्द लागली की वळते. त्याला हद्द कळते, बाकी काही नाही.

गवत कापण्याच्या यंत्राचा जन्म १८३० सालचा. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या स्ट्राउड गावी एडविन बडिंग याने कापड गिरणीतले लव कातरायचे यंत्र पाहून हे ढकलायचे यंत्र बनवले. माणसाशिवाय चालणारे ‘मोबॉट’ अमेरिकेत १९६९मध्ये आले, पण ते रुजले नाही. बाजारात टिकला तो १९९५चा ‘सोलर मोअर’, स्वीडनच्या हस्कवार्ना कंपनीचा. पुणेकरांना हे नाव ऐकल्यासारखे वाटेल, कारण याच नावाच्या मोटारसायकली चाकणच्या बजाज कारखान्यात बनतात. मात्र स्वीडिश कंपनीने मोटारसायकलींचा धंदा १९८७मध्येच विकला. आज एकाच नावाखाली दोन वेगळी घराणी नांदत आहेत.

तार काय बोलते?

चार्जिंगच्या खोक्यातून एक तार निघते, हिरवळीला वेढा घालते आणि त्याच खोक्यात परत येते. तिच्यातून अगदी कमी दाबाचा, ठरावीक ठेक्याचा विद्युतप्रवाह सोडलेला असतो. प्रवाहामुळे तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. तारेच्या आतल्या बाजूला त्याची दिशा एक, बाहेरच्या बाजूला उलटी. यंत्रातील वेटोळी ही दिशा ओळखतात. आत असेपर्यंत यंत्र चालते, तार ओलांडली की मागे फिरते. ठेका अजिबात ऐकू आला नाही, तर जिथे असेल तिथे पाती बंद करून उभे राहते. ही सुरक्षेची सोय आहे. हद्द कळत नसेल तर कापायचे नाही.

एवढे समजले की निम्म्या तक्रारी घरच्या घरी सुटतात. खोक्याला जोडलेली तारेची दोन टोके अदलाबदल झाली, तर आतले बाहेर आणि बाहेरचे आत होते. मग हिरवळीच्या ऐन मध्यावर उभे असलेले यंत्र ‘मी हद्दीबाहेर आहे’ असे सांगू लागते. मधल्या आंब्याला किंवा कारंज्याला वगळायचे असेल, तर तारेने त्याच्याभोवती बेट करावे लागते. काठावरून बेटाकडे जाणारी आणि परत येणारी तार एकमेकींना चिकटून पुरायची. दोन्हींतले प्रवाह उलट दिशेचे असल्याने क्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि यंत्र त्यांच्यावरून निर्धास्त जाते. या दोन तारांत वीतभर अंतर ठेवले, की हिरवळीच्या मध्ये न दिसणारी भिंत उभी राहते. बेटाला वेढा बाहेरच्या वेढ्याच्या उलट दिशेने घालायचा आणि तार स्वतःलाच कुठेही ओलांडणार नाही हे पाहायचे. कोपरे काटकोनात न वळवता गोलसर ठेवायचे. शेजारच्या बंगल्यातही असेच यंत्र असेल, तर दोन वेढ्यांत किमान मीटरभर अंतर हवे, नाहीतर एकाचे यंत्र दुसऱ्याचे ऐकू लागते.

पुण्याची माती, पुण्याचा पाऊस

सोबत येणारी माहितीपुस्तिका युरोपातल्या अंगणासाठी लिहिलेली असते. पुण्यात तार पुरताना तिच्यात नसलेल्या चार गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट माती. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन बनलेली आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, आणि ताणून पुरलेली तार त्या भेगेत ओढली जाते. वरचे प्लास्टिक शाबूत दिसते, आतले तांबे तुटलेले असते. म्हणून काळ्या जमिनीत तार थोडी सैल, नागमोडी पुरावी. मुरमावर लाल माती पसरून लावलेल्या हिरवळीत हा त्रास कमी होतो.

दुसरी गोष्ट पाऊस. शहरात वर्षाला सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तार तुटली की आपल्याकडचा वायरमन दोन टोके पिळतो, वर काळी टेप मारतो आणि निघून जातो. घराच्या भिंतीत हे चालते. ओल्या मातीत मात्र टेपच्या आत पाणी शिरते, तांब्यावर हिरवट थर चढतो, आणि मग यंत्र ऊन पडले की चालते, पाऊस आला की रुसते. अशा लहरी बिघाडाचे कारण शोधताना पहिला संशय टेपवर घ्यावा. या सांध्यांसाठी आत जेल भरलेले जोडक मिळतात. तेच वापरावेत. वळवाच्या गडगडाटात तर खोक्याचा प्लग आणि तारेची टोके दोन्ही काढून ठेवावीत. जमिनीवर पसरलेली शेकडो फूट तार आकाशातल्या विजेचा झटका थेट खोक्यातील सर्किटपर्यंत आणू शकते.

तिसरी गोष्ट पोडियम. बाणेर, खराडी, हिंजवडीकडच्या नव्या संकुलांत हिरवळ जमिनीवर नसते, वाहनतळाच्या छतावर असते. फूट-दीड फूट मातीखाली सळयांची जाळी आणि जागोजागी लोखंडी झाकणे. लोखंड तारेचे क्षेत्र वाकवते, त्यामुळे यंत्र एखाद्या ठरावीक ठिकाणीच गोंधळते. रोज त्याच जागी अडत असेल, तर तिथे खाली काय आहे ते पाहावे आणि तार एक-दोन फूट सरकवावी.

चौथी गोष्ट आपण स्वतः. माळीकाका नागरमोथा खुरपतात, प्लंबर तुषार सिंचनाची नळी बदलतो, गणपतीत मांडववाले हिरवळीत लोखंडी खुंट ठोकतात. घुशी बिळे काढतात त्या वेगळ्याच. तार नेमकी कुठून गेली आहे हे यांच्यातल्या कोणालाच सांगितलेले नसते.

तुटले कुठे?

शोध क्रमाने घ्यावा. सगळ्यात आधी खोक्यावरचा दिवा पाहावा. वीज नसेल तर तारेत ठेका नाही आणि ठेका नसेल तर यंत्र उभे. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी अनेकदा वीज बंद असते, हे विसरून कंपनीला फोन लावण्यात अर्थ नाही. वीज आहे पण तारेचा दिवा बिघाड दाखवतोय, तर तार तुटली आहे. मग गेल्या आठवड्यात कुदळ, खुरपे किंवा पहार कुठे लागली होती याची चौकशी करावी. निम्मी प्रकरणे इथेच मिटतात.

नाही मिटले तर जुना ट्रान्झिस्टर काढावा. मध्यम लहरींवर, जिथे कुठलेही केंद्र लागत नाही अशा जागी काटा न्यावा (पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झपासून दूर) आणि ट्रान्झिस्टर जमिनीलगत धरून तारेच्या मार्गाने चालावे. बऱ्याच यंत्रांचा ठेका टकटक किंवा गुणगुण असा ऐकू येतो. जिथे आवाज विरतो, तिथे खणावे.

तेही जमले नाही तर अर्धे-अर्धे करत जायचे. दोनशे मीटरची तार मध्यावर सोलून मल्टिमीटरने दोन्ही भाग तपासायचे. जो भाग बंद निघेल त्याचे पुन्हा दोन भाग. शंभर, पन्नास, पंचवीस, साडेबारा, सव्वासहा, तीन. सहा तपासण्यांत बिघाड तीन मीटरांत कोंडला जातो. सोललेल्या प्रत्येक जागी पुन्हा जेलचा जोडक बसवायला विसरू नये, नाहीतर एक बिघाड काढताना सहा नवे पेरले जातात.

तार धड असूनही यंत्र हद्द ओलांडत असेल, तर उतार तपासावा. ओल्या गवतावर चिखलाने भरलेली चाके घसरतात आणि थांबायच्या आत यंत्र तारेपलीकडे पोहोचते. उताराच्या पायथ्याशी तार आणखी आत घ्यावी. भिंतीपासून साधारण फूटभर आत, आणि सपाट फरसबंदीच्या कडेने चार बोटे, हा ढोबळ हिशेब असतो. प्रत्येक यंत्रासोबत त्याचे नेमके माप दिलेले असते.

तार गेली, हद्द राहिली

तारेला कंटाळून कंपन्यांनी उपग्रहांचा आधार घेतला. साध्या जीपीएसची चूक काही मीटरची असते. तेवढ्यात यंत्र गुलाबाच्या वाफ्यात जाईल. म्हणून एक अँटेना आवारात पक्का बसवतात. त्याची जागा ठाऊक असल्याने उपग्रहांच्या संदेशात किती चूक आहे हे तो काढतो आणि यंत्राला कळवतो. या ‘आरटीके’ पद्धतीने अचूकता काही सेंटिमीटरांवर येते. यंत्र एकदा काठाकाठाने फिरवून नकाशा करून द्यायचा, की झाले.

हे तंत्र पुण्याला नवखे नाही. राज्याच्या जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे, आणि आज शेतजमिनीची मोजणी ‘रोव्हर’ नावाच्या ज्या उपकरणाने होते तेही सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थिर केंद्रांकडून अशीच दुरुस्ती घेऊन चालते. हद्दीचा घोळही इथे जुना आहे. १८२७नंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात केलेली पाहणी सदोष मोजमापांमुळे फसली आणि १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापुरातून काम नव्याने सुरू करावे लागले. मूळ खूण चुकली की पुढचे सगळे चुकते, हा धडा तेव्हाचाच. बांध कोरणारा शेजारी दरवर्षी नांगराची एक तास पुढे सरकतो. सोसायटीतला अँटेना मात्र एका फटक्यात सरकतो. गच्चीवरची टाकी धुणाऱ्याने तो अर्धा फूट बाजूला केला, तर यंत्राचा अख्खा नकाशा अर्धा फूट सरकतो, आणि यंत्र मोठ्या इमानाने फरसबंदीवरून चालू लागते. म्हणून अँटेना खांबाला बोल्टने आवळलेला हवा आणि त्याला कोणी हात लावू नये.

दुसरी अडचण आकाशाची. कोरेगाव पार्कच्या जुन्या बंगल्यांत वड आणि वर्षावृक्षांच्या छायेत उपग्रह दिसत नाहीत. वीस-पंचवीस मजली इमारतींच्या मधल्या हिरवळीवर काचेच्या भिंतींवरून संदेश परावर्तित होऊन येतो आणि यंत्राला जागा चुकीची भासते. दिवसाच्या ठरावीक वेळीच यंत्र बिथरत असेल, तर उपग्रहांची त्या वेळची मांडणी हे एक कारण असू शकते. वेळ बदलून पाहावी.

कॅमेऱ्याची यंत्रे गवत कुठे संपते ते पाहून चालतात. पण जुलैत पुण्यात गवत संपतच नाही. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून टाकळा उगवतो, पायवाटेवर शेवाळ चढते, मेंदीच्या कुंपणाखालीही हिरवे होते. शिवाय भिंगावर चिखलाचा शिंतोडा बसतो. पावसाळ्यात या यंत्रांना काठ दाखवायचा तर काठ आधी माणसाने साफ करावा लागतो.

माळी हवाच

अशी यंत्रे पुण्यात अजून नवलाईची आहेत. सारसबाग असो, एम्प्रेस गार्डन असो की सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान, सार्वजनिक हिरवळीवर माणसे बसतात आणि मुले लोळतात. तिथे पाती फिरवत एकटे हिंडणाऱ्या यंत्राला जागा नाही. कुंपण असलेले आवार आणि मोकळी, सलग हिरवळ हेच त्याचे क्षेत्र. तिथेही ते दिवसाच चालवावे. रात्री बेडूक आणि चिचुंद्र्या बाहेर पडतात. जर्मनीतल्या कोलोन शहराने काटेरी साळूसारख्या छोट्या हेजहॉगना वाचवण्यासाठी २०२४मध्ये अशा यंत्रांवर रात्रीची बंदीच घातली.

पाती सुरक्षेसाठी आतल्या बाजूला असल्याने भिंतीलगतची पट्टी न कापता राहते. ती माळीच कापतो. तार कुठून जाते, पाणी कुठे साचते, घुशीने कुठे पोखरले, हे रोज पाहणाराही तोच. माळ्याला कमी करून आणलेले यंत्र पहिल्या पावसाळ्यात बंद पडते ते याचमुळे.

तेव्हा यंत्र घेणाऱ्यांना सांगणे एवढेच. किंमत आणि बॅटरी पाहण्याआधी आपली हिरवळ पाहा. ती चार तुकड्यांत विभागलेली असेल, झाडांनी झाकलेली असेल किंवा जेमतेम खोलीएवढी असेल, तर ढकलायचे मशीनच बरे. घेतलेच, तर तार पुरताना प्रत्येक वळणाचा आणि सांध्याचा फोटो काढा, अंतरे टाकून कागदावर नकाशा करा. त्याची एक प्रत सोसायटीच्या फायलीत ठेवा, एक माळीकाकांच्या हाती द्या, आणि मांडववाल्याने पहिला खुंट ठोकण्याआधी ती त्यालाही दाखवा.